तांबडीकडून काळीकडे

खंडाळ्याच्या घाटात जुन्या रस्त्याला लागून डोंगर कापला आहे, तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा एक पट्टा दिसतो. कुठे वीतभर जाडीचा, कुठे हातभर, कुठे पार नाहीसा झालेला. आषाढ-श्रावणात घाट धबधब्यांसाठी गजबजतो तेव्हा या पट्ट्यावरून पाणी वाहत असतं आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी मुद्दाम वैशाखात गेलो. कातळ तापलेला होता, करवंदाच्या जाळ्यांत पिकलेली फळं होती, रस्त्याच्या कडेला निवांत उभं राहता येत होतं. खुरप्याच्या टोकानं पट्टा खरवडला, निघालेला भुगा तळहातावर घेतला, पाण्याचे चार थेंब टाकून अंगठ्यानं मळला. चिकट, गुळगुळीत लगदा झाला. कातळाच्या पोटात सापडलेली ही चिकणमाती होती.

भूशास्त्रज्ञ या पट्ट्यांना लाल बोल म्हणतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे लोट एकामागून एक पसरत गेले. एक लोट थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत मध्ये काळ जाई. त्या अवधीत उघड्या पृष्ठावर पाऊस पडे, खडक कुजे, काही ठिकाणी ज्वालामुखीची राख येऊन बसे आणि मातीचा एक पातळ थर तयार होई. मग पुढचा लोट येऊन त्या थराला भाजून काढी आणि कायमचा झाकून टाकी. या लाव्हाथरांची जी शास्त्रीय मांडणी झाली आहे तिच्यात 'लोणावळा उपगट' नावाचा एक विभाग आहे आणि त्याच्या पोटात 'खंडाळा' आणि 'बुशे' ही थरांची नावं येतात. चिक्की आणि धुक्यासाठी ओळखलं जाणारं लोणावळा जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, याचा मला खरोखर अभिमान वाटतो.

बोलाचा पट्टा पाहिल्यावर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्याच्या वरचा कातळ भेगाळलेला असतो, त्यातून पाणी खाली झिरपतं आणि या चिकण थरावर येऊन अडतं. मग ते आडवं सरकतं आणि कड्याच्या तोंडाशी बाहेर पडतं. थर हळूहळू झिजतो, वरच्या धोंड्यांचा आधार सुटतो. द्रुतगती मार्गावर घाटभर लावलेल्या लोखंडी जाळ्या पाहताना हे डोक्यात असावं. डोंगरउतारावरची चिकणमाती पाण्याला कुठे थांबवते आणि कुठे वळवते, हा प्रश्न घेऊनच मी या प्रवासाला निघालो होतो. बेत साधा होता. लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची, वाटेत उतरत जायचं आणि उतारावरची माती हाताला लावत मावळाच्या पूर्व कडेपर्यंत पोचायचं. पिशवीत खुरपं, पाण्याची बाटली, मोजपट्टी, पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी कुपी आणि रंग जुळवून पाहायची मन्सेलची पुस्तिका.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. रेल्वेनं पासष्ट किलोमीटर पूर्वेला असलेल्या पुण्यात तो सातशेच्या आसपास येतो आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या घरात. खडक मात्र सगळीकडे तोच, बेसाल्ट. जगात फार थोड्या ठिकाणी इतक्या कमी अंतरात एकाच खडकावर पाऊस असा उतरत जातो. रशियाच्या दोकुचायेवनं 1883 मध्ये तिथल्या काळ्या मातीवरचा ग्रंथ लिहून मृदाशास्त्राचा पाया घातला. मृदाशास्त्रज्ञ हान्स जेनीनं 1941 मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, सजीव, भूरचना, मूळ खडक आणि काळ. जेनीच्या पाचांपैकी एक तसाच ठेवून दुसरा बदलत गेला तर काय होतं, हे पाहायला मावळासारखी जागा नाही.

तुंगार्लीच्या वरच्या उतारावर पहिला खड्डा घेतला. खड्डा म्हणजे गुडघाभर. माती तांबूस तपकिरी, पुस्तिकेतल्या 5 वायआर 3/4 या चौकोनाशी जुळणारी. कोरडी असून हातात सहज चुरत होती. ओली करून अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये दाबत पट्टी काढली तर ती पाच सेंटिमीटरच्या पुढे जाऊन तुटली. एवढी लांब पट्टी निघाली की चिकणीचा अंश भरपूर आहे असं समजायचं. आम्लाचे थेंब टाकले. फेस आला नाही. चुना उरलेलाच नाही. जमिनीला भेगाही नव्हत्या. ऐन वैशाखात चिकण जमीन आणि तिला भेग नाही, ही गोष्ट देशावरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण चिकण चिकणीत फरक असतो आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

मातीचा जो कण 0.002 मिलिमीटरहून बारीक, तो चिकणीचा कण. मात्र आकार सारखा असला तरी आतली रचना वेगळी असू शकते. हे कण पापुद्र्यांचे बनलेले असतात, वहीच्या पानांसारखे एकावर एक. स्मेक्टाइट नावाच्या खनिजात ही पानं एकमेकांना सैल धरून असतात; त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, पानं दूर सरकतात, माती फुगते आणि पाणी गेलं की आक्रसते. कॅओलिनाइटमध्ये पानं घट्ट जुळलेली असतात, पाण्याला आत वाव नसतो. एक ग्रॅम कॅओलिनाइटचं पृष्ठफळ दहा-वीस चौरस मीटर भरतं, एक ग्रॅम स्मेक्टाइटचं आतल्या पानांसह आठशे चौरस मीटरपर्यंत जातं.

कुठलं खनिज तयार होणार हे पाणी ठरवतं. बेसाल्टमध्ये सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सगळं असतं. पाऊस धो धो पडून निचरा झपाट्यानं झाला की सिलिका आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळून ओढ्यानाल्यांतून निघून जातात. मागे लोहाचे आणि ॲल्युमिनियमचे अंश राहतात, माती तांबडी होते, कॅओलिनाइटकडे झुकते. पाणी रेंगाळलं, विरघळलेली द्रव्यं जागच्या जागी राहिली की स्मेक्टाइट बनतं आणि माती काळी होते. काळ्या रंगाचं श्रेय आपण सवयीनं सेंद्रिय द्रव्याला देतो, पण दख्खनच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही खाली असतो. रशियातली काळी माती ह्युमसनं भरलेली आहे, आपली तशी नाही. इथे थोडंसं ह्युमस स्मेक्टाइटशी असं घट्ट बांधलं जातं की तेवढ्यावरच सगळा रंग चढतो.

या हिशेबानं लोणावळ्याची माती कधीच धुऊन निकस व्हायला हवी होती. तशी ती पूर्ण झालेली नाही, याचं कारण घाटातल्या दगडातच आहे. 1850 आणि 60 च्या दशकांत बोरघाटात रेल्वेसाठी बोगदे आणि खिंडी फोडल्या गेल्या तेव्हा कातळातल्या पोकळ्यांतून पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक निघाले. ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट. त्यांतले उत्तम नमुने जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसले. त्यांतल्या झिओलाइट गटाच्या स्फटिकांत कॅल्शियम भरलेलं असतं आणि ते सावकाश सुटत राहतं. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोतल्या डी. के. पाल, तपस भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात सह्याद्रीतल्या मातीचा अभ्यास करून दाखवलं, की या झिओलाइटमुळेच एवढ्या पावसातही इथली तांबडी माती तग धरून आहे आणि सखल खोलगटात तर तिच्या शेजारी काळी मातीही नांदते. संग्रहालयाच्या काचेमागचा स्फटिक आणि भाताच्या रोपाला मिळणारं कॅल्शियम ही एकाच दगडाची दोन रूपं आहेत. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. सह्याद्रीच्या मातीचं भवितव्य केवळ पावसावरून सांगता येत नाही, हे त्यानं कायमचं सांगून ठेवलं.

मळवलीला उतरून भाज्याकडे चालत निघालो. तिथली लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. ती खोदणाऱ्यांनी थर पारखून कातळ निवडला असणार. मला मात्र लेण्यांच्या खालचा आणि बाजूचा उतार पाहायचा होता. लोहगड-विसापूरच्या पायथ्याला रस्त्यासाठी जिथे दरड कापली आहे तिथे आयता छेद मिळतो. वर हात-सव्वा हात गडद तपकिरी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, मुरमात पापुद्रे सुटलेले गोल धोंडे, आणि त्याखाली कठीण कातळ. हा छेद वाचता आला तर अर्ध्या मावळाची शेती आणि अर्ध्या मावळाची भीती, दोन्ही समजतात.

शेताच्या कडेला एक आजी पालापाचोळा जाळून काळ्या पडलेल्या वाफ्यावरून हात फिरवीत होत्या.

"आजी, राब कधी भाजला?"

"शिमगा झाल्यावर. आता मिरगाची वाट. तुम्ही मातीत काय बघताय?"

मी हातातला गोळा दाखवला. त्यांनी तो घेतला, दाबला आणि लगेच सांगितलं, "ही वरची. हलकी हाय, पाणी धरत न्हाई. वरई-नाचणीची वरकस ती. चिकण पायजे तर खालच्या खाचरात जा. तिथं पाय रुतला की निघत न्हाई."

त्या सहज बोलल्या, पण उतारावरच्या मातीचा नियम त्यात आला होता. वरून बारीक कण सुटतात, पाण्याबरोबर खाली येतात आणि बांध लागला की बसतात. वर भरड उरतं, खाली चिकण साठते. एकाच डोंगराच्या माथ्यापासून तळापर्यंत माती ठराविक क्रमानं बदलते आणि हा सगळा क्रम मिळून एक साखळी म्हणून पाहावा, असं जेफ्री मिल्ननं 1930 च्या दशकात पूर्व आफ्रिकेत काम करताना मांडलं. मावळातल्या बायका वरकस आणि खाचर अशी वाटणी करतात तेव्हा त्याच साखळीवर बोट ठेवतात. मी आजींना विचारलं, "पूर्वी इथे दरड आली होती ना?" त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एकोणनव्वदला. त्या साली पाऊस थांबलाच न्हाई."

1989 च्या जुलैत भाजे गावावर डोंगराचा भाग आला. तीसहून अधिक माणसं गेली. पंचवीस वर्षांनी, 30 जुलै 2014 ला, याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि 151 जण गेले. अशा वेळी वर्तमानपत्रांत 'डोंगर खचला' असं छापून येतं, पण डोंगराचा कातळ बहुधा जागेवरच असतो. सरकतो तो त्याच्यावरचा मातीचा आणि कुजलेल्या मुरमाचा थर. उन्हाळ्यात माती आक्रसते, तिला भेगा पडतात. पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी या भेगांतून थेट खोल उतरतं. मग चिकण फुगून भेगा मिटतात आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. खाली कातळ, वर फुगलेली माती, मध्ये पाणी. मातीचं वजन वाढलेलं असतं आणि कणाकणांना एकमेकांवर दाबून धरणारा जोर आतल्या पाण्याच्या दाबानं कमी झालेला असतो. उतार तेवढाच राहतो, पण धरून ठेवणारी शक्ती निघून जाते. म्हणून सलग तीन-चार दिवस मुसळधार पाऊस झाल्यावरच्या पहाटे जास्त धोक्याच्या. वर डोंगरात नवी भेग दिसली, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा आटलं, झाडं-खांब कलले, तर गाव सोडायचं. मावळातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हे मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कामशेत, कान्हे, वडगाव. खिडकीतून दोन्ही बाजूंना भाताची कोरडी खाचरं. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रात 1987 साली 'इंद्रायणी' भात तयार झाला, आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून. पुण्या-मुंबईच्या घरांत शिजणाऱ्या त्या सुवासिक, चिकट भाताचा मान या खोऱ्यातल्या मातीकडेही जातो. चिखलणी करताना मातीची घडण मुद्दाम मोडली जाते, बारीक कण खाली बसून निचरा अडतो आणि पाणी खाचरात उभं राहतं. भात सिलिका भरपूर उचलतो, आणि या पावसात मातीतून नेमकी सिलिकाच धुऊन जाते. डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातशेती पद्धतीतलं पहिलं सूत्र म्हणजे भाताचा पेंढा आणि तुसाची राख पुन्हा जमिनीला देणं, म्हणजे सिलिका आणि पालाश परत करणं. आजींचा राबही काही अंशी तेच करतो.

तळेगावला उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. इथून पुढे मावळ बदलतो. डोंगर बुटके, विरळ, खुरट्या बाभळी-बोरीचे, गवत पिवळं, पाऊस लोणावळ्याच्या कितीतरी खाली आणि कोरडे महिने आठ. रस्त्याच्या कडेला गुलाबाची हरितगृहं लागली. एकाच्या दारात तांबड्या मातीचा ढीग पडला होता, ट्रकनं बाहेरून आणलेला. हरितगृहातल्या वाफ्यांत तांबडी माती, शेणखत आणि भाताचं तूस मिसळून भरतात, कारण इथली काळी पाणी धरून ठेवते आणि गुलाबाच्या मुळांना हवा मिळत नाही.

इंदोरीच्या पुढे, भंडारा डोंगराच्या बाजूच्या एका उतारावर, मी ज्यासाठी आलो होतो ती माती सापडली. जमिनीला भेगा होत्या. तीन बोटं आत जावीत एवढ्या रुंद. मोजपट्टी टाकली तर फूटभराच्या पुढे उतरली. पृष्ठभागावर मात्र बारीक, कोरड्या खड्यांचा भुसभुशीत थर, ढेकूळ नाही. काळी जमीन उन्हाळ्यात स्वतःची मशागत स्वतः करते ती अशी: वरचे खडे भेगांत पडतात, पावसात माती फुगली की खालून दाब येऊन वर सरकतात आणि अनेक वर्षांत सगळा थर ढवळून निघतो. खड्डा सुमारे एक हात खोल गेला आणि मुरूम लागला. रंग 10 वायआर 3/1, जवळजवळ काळा. अंगठ्यानं पट्टी काढली तर ती तुटायचं नाव घेईना. खड्ड्याच्या अगदी तळाशी, मुरमाच्या वर चार बोटं, मातीचे दोन-तीन तुकडे निघाले. त्यांची एक बाजू तुळतुळीत चकाकत होती आणि तीवर तिरपे चरे होते. मातीचा एक गठ्ठा दुसऱ्यावर घासून सरकल्याची ती खूण. अशा खुणा पाहिल्या की दगडासारखी निश्चल वाटणारी जमीन दरवर्षी किती हलते ते कळतं.

मग उतार शंभर पावलं उतरून ओढ्याकाठी गेलो. ओढ्यानं काठ कापला होता, त्यामुळे खणावं लागलं नाही. इथे काळी पुरुषभर जाड. चकाकणारी पृष्ठं अर्ध्या मीटरपासून खाली सगळीकडे, एकमेकांना छेदून पाचरीच्या आकाराचे गठ्ठे झालेले. चुनखडीचे पांढरे खडे विखुरलेले. आम्ल टाकताच फसफसून फेस आला.

या दोन जागांमध्ये अंतर शंभर पावलांचं, पण शास्त्राच्या वर्गवारीत त्या दोन वेगळ्या कुळांत जातात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तयार केलेली आणि आपल्याकडेही वापरली जाणारी मृदावर्गीकरणाची पद्धत व्हर्टिसॉल म्हणवून घ्यायला तीन अटी घालते: चिकणीचं प्रमाण किमान तीस टक्के, ठराविक काळानं उघडमीट होणाऱ्या भेगा, आणि वरच्या एक मीटरमध्ये किमान पंचवीस सेंटिमीटर जाडीच्या थरात ती चकाकणारी पृष्ठं किंवा पाचरीचे गठ्ठे. ओढ्याकाठची माती तिन्ही अटींत बसते, ती हॅप्लुस्टर्ट. वरच्या उतारावर भेगा आहेत, चिकण आहे, पण चकाकी फक्त चार बोटांत. म्हणून ती इन्सेप्टिसॉलमध्ये, व्हर्टिसॉलची लक्षणं अंगी असलेली, व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट. प्रयोगशाळेत चिकणीचं प्रमाण मोजल्यावाचून असा शिक्का पक्का होत नाही, पण शेतात उभं राहून इतपत सांगता येतं. ओढ्याकाठच्या काळीबद्दल पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. आजच्या कोरड्या हवेत एवढं स्मेक्टाइट बेसाल्टपासून बनणं शक्य नाही. ते जुन्या, ओलसर काळात वर डोंगरावर बनलं, पाण्याबरोबर खाली येऊन साठलं. नंतर हवा कोरडी झाली आणि त्यात चुन्याचे खडे धरले. म्हणजे मी ज्याला पूर्व मावळाची माती म्हणतो ती एका वेगळ्याच हवामानाची ठेव आहे. वरच्या उतारावर आज जे हातभर उरलं आहे तो त्या ठेवीचा शिल्लक भाग. तो गेला तर आजचा पाऊस तो पुन्हा बनवून देणार नाही.

पुणे जिल्ह्याला मातीची प्रत लावण्याचा जुना अनुभव आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकारी प्रिंगलनं जिल्ह्यात केलेली सारा-आकारणी फसली. त्यानंतर 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातून नवी मोजणी सुरू केली आणि 1847 च्या त्यांच्या संयुक्त अहवालानं ती मुंबई इलाख्यात पक्की झाली. त्यांनी मातीच्या नऊ प्रती ठरवल्या. रंग आणि पोतावरून तीन वर्ग, आणि प्रत्येकात खोली. बारीक पोताची काळी, पावणेदोन हात खोल असली की सोळा आणे. जसजशी खोली कमी, तसतसे आणे कमी. त्यावर दोष पाहायचे: चुनखडी, वाळू, पाण्याचा मारा, आणि उतार. एका दोषाला एक प्रत खाली. मी भंडाऱ्याच्या उतारावर उभा राहून हिशेब केला. एक हात काळी, म्हणजे दहा आणे. उताराचा दोष धरला की आठ आणे. महसूल खात्यात याला अजून प्रतबंदी म्हणतात आणि सातबाऱ्यावरच्या आकाराच्या मुळाशी ती आहे. सारा ठरवायला ही रीत चोख होती. पण तिनं उताराला निव्वळ उणेपणा मानलं. त्या उतारावर पाणी कुठून येतं, कुठे जातं, खालच्या सोळा आण्यांच्या काळीला वरच्या आठ आण्यांच्या जमिनीचा काय आधार आहे, हे तिच्या चौकटीत नव्हतं. आजच्या शास्त्रीय वर्गवारीतही एकेक खड्डा स्वतंत्रपणे पारखला जातो. दोन्ही खड्डे मिळून एकच व्यवस्था आहे, हे भाज्याच्या आजींनी अधिक नेमकं सांगितलं होतं.

1917 मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पवनाकाठच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास छापला. विहिरी, पिकं, कर्ज, जमिनीचे तुकडे आणि माती, सगळं शेतवार. पवना मावळातूनच येते. ती माती आज उंच इमारतींखाली आहे. माती इमारतींखाली जाण्याचा तोच क्रम आता पश्चिमेला तळेगाव, वडगाव, कामशेतकडे चालला आहे.

ओढ्यापासून परतताना या क्रमाची खूण दिसली. उताराचा एक तुकडा जेसीबीनं कापून सपाट केला होता, चुन्याच्या रेषा मारल्या होत्या. बांधकामाच्या भाषेत या मातीचं नाव आणखी वेगळं. भारतीय मानक 1498 प्रमाणे द्रवसीमा पन्नास टक्क्यांच्या वर गेलेली ही चिकण 'सीएच' वर्गातली, अधिक फुगणारी. हिच्यावर उथळ पाया घातला तर पावसाळ्यात दारं अडतात, उन्हाळ्यात भिंतींना तिरक्या चिरा जातात. म्हणून काळी काढून मुरमाची भर घालतात, किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केलेले, खाली फुगवटा असलेले खांब खोलवर नेतात. सपाट जमिनीवर हे उपाय चालतात. उतारावर पायथा कापला की वरच्या हातभर काळीचा टेकू जातो, आणि तिथे चांगल्या खांबांइतकीच पाण्याला वाट काढून देणारी चर आणि मागचं पाणी सोडणारी भिंत लागते. प्लॉट घेणाऱ्यानं विक्रेत्याकडे मातीच्या तपासणीचा अहवाल मागावा आणि त्यात खोली, फुगण्याचं प्रमाण आणि उताराचा निचरा हे तीन आकडे आहेत का ते पाहावं.

"काढलेली काळी कुठे जाते?" मी जेसीबीवाल्याला विचारलं.

"शेतकरी नेतात, साहेब. तो काय, समोर माळावर चाललाय."

समोरच्या बरड उतारावर ट्रॅक्टर रिकामा होत होता. पन्नाशीचे एक शेतकरी फावड्यानं ढीग पसरत होते. खाली मुरूम, वर आता ही काळी. मी जवळ जाऊन विचारलं, "दादा, किती जाडीचा थर देताय?"

"वीतभर. जास्त परवडत नाही. जमंल का?"

मी म्हटलं, "वीतभरात ज्वारी येईल, पण आधी ताली घाला. नुसती पसरलीत तर मिरगाच्या दोन सरींत ओढ्याला जाईल. आणि मुरूम नुसता झाकू नका, नांगरून काळी त्यात मिसळा, म्हणजे दोघांच्या मध्ये पाणी अडणार नाही."

त्यांनी फावडं टेकवलं आणि उताराच्या खालच्या कडेला बोट दाखवलं. तिथे दगडांच्या दोन ताली आधीच रचून झाल्या होत्या, समपातळीत, आणि दोन्हींच्या टोकाला जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवलेला होता.

"तिसरी वर घालायची आहे," ते म्हणाले. "दगड कमी पडलेत. जेसीबीवाल्याला सांगितलंय, धोंडे निघाले तर इकडे टाक म्हणून."